कुमारी अमुक, इयत्ता दुसरी

तीर्थस्वरूप ताई हिला,

धाकट्या भावाचा लांबूनच नमस्कार. (जवळून केला असता तर आशीर्वादाआधी तू माझी नखं तपासली असतीस. नर्सची नोकरी सुटली तरी सवय सुटत नाही.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून देवाचं नाव घेतात की जिना बांधणाऱ्याचं? माझं बरं चाललं आहे, म्हणजे भूक लागते. झोप मात्र तीन आठवडे लागलेली नाही. त्याचंच हे पत्र आहे. भाऊजींना वाचून दाखवू नकोस, ते हसतील.

तुला ठाऊकच आहे की आमच्या प्राथमिक शाळेतून दर महिन्याला घरोघरी सूचनापत्रक जातं, आणि ते लिहिण्याची उठाठेव कारकून म्हणून माझ्या गळ्यात आहे. वर कार्यक्रम: फोटो कधी, दातांचे डॉक्टर कधी, आरोग्य मेळावा कधी. मग थंडीच्या सूचना: हात धुवा, स्वेटरवर नाव घाला, ताप असेल तर मूल घरीच ठेवा, उतरल्यावरही एक दिवस थांबा. तळाशी कापून परत पाठवायची चिठ्ठी. ती भरताना पालक काय दिवे लावतात ते विचारू नकोस. ‘मुलाचे नाव’ इथे स्वतःचं नाव, ‘ताप आहे का’ इथे ‘हो, मागच्या वर्षी’. एका वडिलांनी तर ‘सही’ या शब्दापुढे ‘अगदी बरोबर’ असं लिहून पाठवलं! म्हणून या वेळी मी एक चिठ्ठी स्वतःच भरून नमुना म्हणून फलकावर लावायचं ठरवलं. नाव: कुमारी अमुक. इयत्ता: दुसरी. प्रकृती: सकाळी खोकला. सगळं झकास जमलं, फक्त वर ‘नमुना’ लिहायचं राहिलं, आणि कागद फलकावर जायच्या ऐवजी आलेल्या चिठ्ठ्यांच्या ट्रेमध्ये पडला. सोमवारी मी ट्रे उपसला आणि नेहमीसारखं न वाचता सगळं हजेरीपटात उतरवलं. दुसरीचा पट अठ्ठावीसचा होता, तो एकोणतीस झाला.

दुसरीच्या बाईंनी सवयीने नाव पुकारलं आणि कोणीतरी ‘हजर’ म्हणालं. (शाळेत कोणतंही नाव पुकारा, कोणीतरी हजर म्हणतंच, असं मी स्वतःला समजावलं.) मग दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या तक्त्यात एकोणतिसावी ओळ भरलेली: खालचे दोन दात हलतात. मी विचारलं, ही मुलगी दिसायला कशी होती? तर म्हणाले, अहो, मी तोंडं बघतो, चेहरे नाही. वजन-उंचीच्या दिवशी तिची उंची भरली एकशे अठरा सेंटिमीटर. पंधरा दिवसांनी मी काटा-पट्टी परत मागवली, म्हटलं चूक असेल तर निघेल. तर चक्क एकशे एकोणीस! ताई, माझ्या चुका आजवर पुष्कळ झाल्या, पण वाढीला लागलेली ही पहिलीच.

वऱ्हांड्यातल्या शेवटच्या खुंटीवर आता रोज एक राखाडी स्वेटर असतो. बाहेर कोरडं ऊन असलं तरी तो दमट असतो. त्यावर नाव नव्हतं, म्हणून परवा मी मार्करने घातलं (नियम म्हणजे नियम), आणि घालून झाल्यावर मार्करला टोपण न लावताच ऑफिसात पळालो. या महिन्याची चिठ्ठीही तिच्याकडून परत आली. ‘न्यायला कोण येणार’ या ओळीत पेन्सिलने, रेघ सोडून वर चढणाऱ्या अक्षरात, एवढंच लिहिलं होतं: येतील.

आता मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पट तपासला आणि मला बोलावून झापलं. शुक्रवारी आरोग्य मेळावा आहे. त्या दिवशी या मुलीचं घरचं माणूस समोर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर नाव पटावरून कमी. बरोबरच आहे त्यांचं. घरचं माणूस कुठून येणार, तेव्हा शुक्रवारची वाट कशाला बघा, म्हणून मी तिथून उठलो तो तडक लाल पेन आणि पट्टी घेऊन बसलो. दुपारचे साडेतीन, शाळा सुटलेली, वर्ग झाडून बाकं उलटी टाकलेली. पट्टी नावावर ठेवली आणि वऱ्हांड्यातून खोकला आला. बारीक, कोरडा, आपण कोणाच्या कामात अडथळा आणू नये अशा बेताने दाबलेला. मी जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. परत येऊन पट्टी ठेवली, परत खोकला. अगं, पाचावर धारण बसली माझी, खोटं कशाला बोलू? पण भीती ओसरल्यावर जे वाटलं ते जास्त वाईट होतं. नाव खोडलं तर ही पोर जाणार कुठे? बाकीच्या अठ्ठावीस जणांना न्यायला कोणी ना कोणी येतं. हिला माझ्या विसरभोळेपणाशिवाय जगात दुसरं गोत्र नाही.

असो. तू स्वतःला जप, गरम पाणी पी, भाऊजींना जिना कमी चढू दे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना... तुमच्याकडे लहान कोणी नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

तुझा
धाकटा

ता. क. – नाव कमी केल्याचं मोठ्या बाईंना सांगून टाकलं आहे. ते खोटं आहे.

आणखी एक ता. क. – काल आजारी मुलांच्या खोलीत रिकाम्या खाटेवरची उशी हाताला गरम लागली. थर्मामीटर ठेवला तर एकशे एक. ताप असेल तर मूल घरी, हा मीच लिहिलेला नियम. आणि नमुन्यात ‘घरचा पत्ता’ अशीही ओळ होती. माझा घातला तर पालक घरी येऊन भांडतील म्हणून मी तेव्हा तुझा घातला होता.

शेवटचं – पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. पत्र मी टपालाने पाठवलेलं नाही, तिच्याच हाती दिलं आहे. तू वाचत बसलीस तेवढा वेळ ती दारात उभी आहे. तिला आधी आत घे.