पाऊण इंच

लाउथ, लिंकनशायर
मंगळवार, १४ मे १९६८

प्रिय क्लेम,

कसा आहेस? अ‍ॅडलेडला आता थंडी पडायला लागली असेल. इथे सगळं ठीक. आईचा गुडघा ठीक, बाबांचा खोकला ठीक. कारखान्यातल्या विल्फनं परत एकदा सिगारेट सोडलीय, म्हणजे आता तो दुसऱ्यांच्या ओढतो.

तीन वर्षांत मी तुला पाठवलेली सगळी पत्रं अशीच होती ना? सगळं ठीक. हे तसं नाहीये. पण एकदम नाही सांगता येत मला. थांब जरा.

बातमी अशी की बाबांनी गाडीचं रूप ठरवायला स्टायलिस्ट आणलाय. हो, आपल्याच बाबांनी! मार्चमध्ये एका मासिकात छापून आलं, की पॉगसनची गाडी पळते वाऱ्यासारखी, पण समोरून बघा, कुणीतरी टोचून बोलल्यासारखं तोंड वाकडं करून उभी असते. वर्षाला चाळीस गाड्या करणाऱ्या कारखान्याला असं एक वाक्य पुरतं रे. ऑर्डरी थांबल्या. चार जुनी माणसं घरी बसली. ऑक्टोबरला लंडनच्या प्रदर्शनात नवीन बॉडी उभी राहिली नाही तर हँगरला, अख्ख्या कारखान्यालाच कुलूप, हे बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

तर हे मिस्टर ब्रँडरेथ. कॉव्हेंट्रीचे. आधी कुठल्यातरी मोठ्या कंपनीत होते. विल्फ पहिल्याच दिवशी म्हणाला, "आला बघ पॅरिसचा शिंपी. आता गाडीला झालर लावणार." पण त्यांनी तीन दिवस पेन्सिल हातातच घेतली नाही. गाडी ढकलत मैदानात न्यायला लावली आणि लांब स्टूल टाकून नुसते बघत बसले. मग कँटीनमधल्या मिसेस डॉब्सना विचारलं, ही गाडी तुम्हाला कशी वाटते? त्या म्हणाल्या, "माझ्या जावयासारखी. त्यानं वाईट असं काही केलेलं नाही, पण विश्वास बसत नाही." ब्रँडरेथनी ते वहीत लिहून घेतलं!

बाबा करवादलेच. "आमची गाडी चालवायची असते, बघत बसायची नसते."

"मिस्टर पॉगसन, चालवायची तर आधी कुणाला तरी तिचं दार उघडावंसं वाटायला हवं ना?"

बाबा दुसरं स्टूल आणून त्यांच्या शेजारी बघत बसले. बाबा, क्लेम!

हे सगळं गमतीचं लिहितेय, ते कालचं लांबवायला. काल त्यांनी गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत मधोमध दोरा ताणला आणि दोन्हीकडची मापं घेतली. उजवं मडगार्ड डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली. हेडलाइट पण.

बाबा म्हणाले, "माझ्या मुलाचं काम. त्याला डोळाच नव्हता. मी तेव्हाच सांगितलं होतं त्याला."

ब्रँडरेथनी नकारार्थी मान हलवली. डाव्या बाजूवरून बॉनेटपासून दारापर्यंत तळवा फिरवला, मग उजव्या. "हे दोन माणसांचं काम आहे. डावीकडच्या माणसाला डोळा आहे. इतका, की मला फारसं काही करायचंच नाही. हीच बाजू पलीकडे उलटवायची. उजवीकडच्यानं मात्र बघून केलेलंच नाही, नुसतं मोजून केलंय. डावीकडचा कोण? मला तो इथं हवाय."

"दोन नव्हतेच. एकच होता, तो ऑस्ट्रेलियाला गेला," बाबा म्हणाले.

मी तिथेच होते, हातात चहाचा ट्रे. विल्फनं माझ्याकडे बघितलं. "पोरी, कप खाली ठेव आधी. फुटतील."

मी कप खाली ठेवले. आणि काही बोलले नाही.

आता सांगते. तुला न्यूमोनिया झाला होता ते बारा दिवस. गाडीच्या प्लास्टरच्या नमुन्याची डावी बाजू तू पूर्ण केलेलीस, उजवीकडे नुसता लाकडी सांगाडा. त्यावरून बॉडीचा साचा उचलायची तारीख ठरलेली, बाबा तू आजारी पडायच्या आधीपासून इंजिनांसाठी बर्मिंगहॅमला. मला वाटलं, मी करते, क्लेमला बरं वाटेल. प्लास्टर कालवलं, तुझी एकेक उंची मोजली आणि उजवीकडे तीच धरली. फक्त तू सगळं दोऱ्यावरून मोजायचास. मी फरशीवरून मोजलं. हँगरची फरशी उजवीकडच्या गटाराकडे उतरते. रोज सकाळी मीच तर तिकडे पाणी ढकलायचे! तरी लक्षात आलं नाही.

बाबा परत आले तेव्हा दोन्ही बाजू पांढऱ्याशुभ्र; त्यांना वाटलं, आजारी पडण्याआधी तूच संपवल्यास. तू अंथरुणातून उठलास तेव्हा साचा उचललेला. तू त्या नमुन्यासमोर उभा राहिलास आणि मान थोडी तिरकी केलीस. तुला दिसलं. मला माहितेय तुला दिसलं.

आणि तू घर सोडलंस त्याच्या आधीच्या रविवारी जेवताना, बाबा "तुला डोळा नाही" म्हणाले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, एकदाच, आणि बटाट्यांचं भांडं माझ्यापुढे सरकवलंस.

मी बटाटे घेतले.

ब्रँडरेथ शुक्रवारी परत जाणार. तुला बोलवा म्हणून ते आज पुन्हा म्हणाले, बाबा ऐकत नाहीत. सोमवारी जुना साचा फोडणार. तो फुटला आणि नवी बॉडी आली की डावी कुणाची न् उजवी कुणाची, कुणी विचारणारच नाही. मी सुटेन. हा विचार कालपासून तीनदा आला डोक्यात, आणि तिन्ही वेळा बरं वाटलं. हेही तुला कळायला हवं.

माफी मागत नाही. तू लगेच देशील, ती भीती वाटते.

आता जेवणाची सुट्टी आहे. बाबा ऑफिसात एकटेच आहेत. पत्र बंद करत नाही, त्यांच्या टेबलावर ठेवते आणि वाचून होईपर्यंत तिथेच उभी राहते. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

जिनं मापं चुकवली आणि तोंड बंद ठेवलं,
ती तुझी बहीण,
हेस्टर

क्लेम,
वाचलं. हेस्टरला खुर्ची दिली आहे. मला लिहायला जरा वेळ लागेल. तोपर्यंत साचा कुणी फोडणार नाही.
बाबा