गोळीवरचा चहा

कशफ बेटी,

शहेबाजच्या बायपासला दोन महिने झाले, तरी त्याचं रक्त वाढेना. चाकणच्या अख्ख्या गल्लीसमोर मी तुझ्यावर आळ घेतला, "सून माझ्या पोराच्या गोळ्या चुकवते." तू मोशीला माहेरी निघून गेलीस.

आज डॉक्टरांनी विचारलं, "लोहाची गोळी कशाबरोबर घेतो?" मी सासूच्या तोऱ्यात सांगितलं, "माझ्या हातच्या कडक चहाबरोबर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, चहानं गोळी अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर द्या."

तू गोळीबरोबर लिंबूपाणीच आणायचीस. आंबटानं टाके पिकतील म्हणून तो पेला मीच रोज मोरीत ओतायचे.

हा कागद तुला न धाडता पिठाच्या डब्याखालीच ठेवणारी,
तुझी अम्मी