पायऱ्या एकशे चौदा

३ नोव्हेंबर

सव्वीस वर्षं! आणि धाकट्या मालकांनी हातातला चहा संपायच्या आत निकाल लावून टाकला. पुढच्या टूरपासून गाईड नाही. प्रवाशांच्या कानात एकेक पेटी, बटण दाबलं की माहिती. आणि त्या पेटीत आवाज कुणाचा? माझाच! या नऊ दिवसांच्या टूरवर एक माणूस मशीन घेऊन माझ्या मागे बसणार, मी बोलेन ते भरून घेणार, आणि मग मी घरी. “लोकांना तुमचाच आवाज आवडतो हो, ताई,” म्हणाले, वर हसलेही. आवाज पाहिजे, बाई नको!

मी काय म्हणाले? “बरं.” एवढंच. जिना उतरताना मग एकेक झणझणीत उत्तर सुचत होतं. मोठे मालक असते तर त्यांच्या तोंडावर सगळं बोलले असते. पण ते आता ऑफिसात फिरकत नाहीत.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणतात, बरंच झालं, गुडघे दुखतात म्हणतेस ना. पेपर खाली केला नाही की मान वर केली नाही.

५ नोव्हेंबर

निघालो. अठ्ठावीस माणसं. मशीनवाला पन्नाशीचा, टकला, ओठ शिवल्यासारखा गप्प. कानांवर ते काळे डबे सदानकदा. मी त्याला कानझाक्या म्हणते (मनात). मध्येच कुणी शिंकलं की हात वर करतो, म्हणजे मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचं.

आज जुनी राजधानी. महादरवाजा, टाकसाळ, खांबांचा चौक. इतकं छान बोलले की माझी मलाच चीड आली. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारायची, आणि तीही धार लावून!

तीन नंबरच्या सीटवर एक आंधळे काका आहेत. सत्तरीचे असतील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. बरोबर सून. मागच्या सीटवर दोघं कुजबुजले, यांना टूरवर यायचं कशाला? काकांना ते ऐकू गेलं. मागे न वळताच म्हणाले, बघायला. आणि खरंच बघतात — भिंतीवरून हात फिरवतात, वास घेतात, सगळं मोजतात. चौकातून एकटेच फिरून आले आणि मला म्हणाले, खांब बेचाळीस ना? बेचाळीसच! केवढे खूश झाले. सून सांगत होती, घरात, रस्त्यावर, बँकेत, कुठेही जायचं तर मोजून जातात. हात धरला तर चिडतात.

६ नोव्हेंबर

सकाळी दात घासताना सुचलं. पेटीत खोटं भरायचं! चार-सहा महिन्यांत कुणीतरी शहाणा माणूस ऐकेल, बोंबाबोंब होईल, कंपनीची छी थू होईल आणि धाकटे मालक माझ्या दारात येतील — ताई, चला परत. मला माझी बस परत पाहिजे. बाकी काही नको.

राणीमहालात सुरुवात केली. राण्या दोन होत्या, मी पाच केल्या. पाचवी धोब्याची मुलगी, रागाच्या भरात राजाच्या दुधात मीठ घालायची! अठ्ठावीस माणसं आ वासून ऐकत होती. आणि कानझाक्याने आयुष्यात पहिल्यांदा अंगठा वर केला.

७ नोव्हेंबर

दोन पूल, एक बुरूज, एक कारंजं. चारही ठिकाणी धादांत खोटं. जेवण छान गेलं.

८ नोव्हेंबर

डोंगरातलं ते चित्रासारखं गाव. दगडी घरं, उतरती छपरं, ओढ्यावरची पाणचक्की. मी म्हटलं, एकदा ही चक्की एक पूर्ण वर्ष उलटी फिरत होती. चक्कीवाला मला वीस वर्षं ओळखतो. पिठाचे हात तसेच ठेवून बघत राहिला. नंतर हळूच विचारलं, बरी आहेस ना? मी म्हटलं, तू तुझं दळण बघ.

त्याचं तोंड आठवून बसमध्ये जरा कसंसंच झालं. पण मग धाकट्या मालकांचं हसू आठवलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, अजून घाला!

१० नोव्हेंबर

कसं लिहू. लिहायलाच पाहिजे.

बंदराचं गाव. दीपगृह. आत गोल जिना, अंधारा, अरुंद. दारात उभं राहून पायऱ्या किती ते मी नेहमी सांगते, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांचे लोक खालीच थांबतात. एकशे एकोणीस. सव्वीस वर्षं एकशे एकोणीस. आज तोंडातून निघालं — एकशे चौदा. काही कारण नव्हतं. चार दिवसांत जीभच तशी झालीय. काकांनी मान डोलावली. मी पाहिलं ते. पाहिलं, आणि तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही!

ते एकटेच वर गेले, भिंतीला हात लावून, पुटपुटत मोजत. सून आणि मी पाच-सहा पायऱ्या मागे. एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा. आणि त्यांनी सपाट जमीन समजून बिनधास्त पाय टाकला. पुढच्या पायरीला अडखळले आणि तोंडावर आपटले. ओठ फाटला. मनगट सुजून टम्म.

सून ओरडली, अहो, अजून पायऱ्या होत्या! तर काका रक्त पुसत म्हणाले, “माझंच मोजायचं चुकलं. ताई सव्वीस वर्षं सांगतायत, त्या कशा चुकतील?”

मी त्यांच्या ओठावर रुमाल दाबून धरला होता. आणि मी गप्प बसले. मी! जिचं तोंड दिवसभर बंद नसतं ती!

११ नोव्हेंबर

मनगट मोडलेलं नाही, डॉक्टरने पट्टी बांधली. आज काका सुनेचा हात धरून चालले. बसच्या तीन पायऱ्या, त्याही तिने मोजून दिल्या. धक्क्यावर मी मुद्दाम विचारलं, काका, इथे बोटी बांधायचे खुंट किती? म्हणाले, आता नाही मोजत, डोकं चालेनासं झालंय बहुतेक.

सून मला बाजूला घेऊन विचारत होती, वयामुळे होतं का हो असं अचानक? डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, दमले असतील. जीभ झडत कशी नाही माझी!

१२ नोव्हेंबर

सांगितलं. नाश्त्याच्या टेबलावर, सुनेसमोर. पेटीचं, धाकट्या मालकांचं, पाच राण्यांचं, पायऱ्यांचं, सगळं. सून माझ्याकडे अशी बघत होती की बशी फेकून मारते की काय. मारायला हवी होती.

काकांनी हातातला कप चाचपत बशीत ठेवला. मग विचारलं, “म्हणजे मी बरोबर मोजत होतो?”

हो म्हटलं.

आणि मग चिडले. असे चिडले की शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. म्हणाले, पडलो त्याचं काही नाही, रोज पडतो. पण दोन दिवस मी स्वतःला कामातून गेलेला समजत होतो, बाई. उरलेलं आयुष्य हिच्या हाताला लोंबकळत काढायचं, असं धरून चाललो होतो. मला “ताई” नाही म्हणाले. बाई म्हणाले.

उठताना विचारलं, पेटीत काय गेलंय, चौदा की एकोणीस? मी म्हटलं, चौदा. “मग माझ्यासारखा दुसरा कुणी आला तर? ते आधी खोडा.”

बसमध्ये चढताना सुनेचा हात त्यांनी झटकला. एक, दोन, तीन. मोठ्याने.

१३ नोव्हेंबर

बॅग घरी न टाकता थेट ऑफिसात गेले. धाकट्या मालकांना म्हटलं, त्या पेटीतलं खोटं आहे, मी मुद्दाम भरलंय, माझ्यावर काय करायची ती कारवाई करा. मला वाटलं, संतापतील.

तर हा माणूस खूश! कानझाक्याने रोजच्या रोज पाठवलं होतं, यांनी ऐकलंसुद्धा. पाचवी राणी म्हणे सगळ्या ऑफिसला आवडली. आधी नुसत्या सनावळ्या होत्या, आता कशी मजा आली! खोटं आहे हो, मी म्हटलं. तर म्हणतात, तपासतंय कोण? मी म्हटलं, राण्या राहू देत, चक्की राहू दे, निदान पायऱ्यांचं एक वाक्य तेवढं बदला, माणूस पडलाय. “ताई, पाच पायऱ्यांनी काय आभाळ कोसळतंय? आणि मशीनवाला गेला दुसऱ्या कामावर.”

मी ओळखपत्र टेबलावर आपटलं. त्यांनी ते उचलून व्यवस्थित ड्रॉवरमध्ये ठेवलं.

२० जानेवारी

आज माझी मी गेले बंदरावर. आमचे हे म्हणाले, वेड लागलंय तुला. लागू दे. दीपगृहाच्या दारात उभी राहिले. कंपनीची बस आली, तीसेक माणसं उतरली, सगळ्यांच्या कानात पेट्या. जवळून गेली की माझा आवाज बारीक ऐकू येत होता — एकशे चौदा, एकशे चौदा. मी ओरडत होते, एकोणीस! एकशे एकोणीस आहेत, सांभाळून! कुणी वळून बघेना. शेवटी एका बाईने एका कानातलं काढलं आणि नम्रपणे म्हणाली, “काकू, जरा हळू बोला ना. गाईड काय सांगतेय ते ऐकू येत नाहीये.”