असमाराहून परतलेला पंचाक्षरी

नांदेड
२२ जुलै १९९१

चि. पंचाक्षरीस रुद्राणीअक्काचे अनेक आशीर्वाद.

शिरूरहून निघाले ती अहमदपूर येईपर्यंत मी एकदा हसत होते, एकदा रडत होते. कंडक्टरनं विचारलं, बाई, माहेरी काही वाईट झालं का. मी सांगितलं, माझा भाऊ आफ्रिकेत मास्तर होता, लढाई चालू असताना तिथल्या हुकूमशहाच्या लोकांनी त्याला दोन वर्षं तुरुंगात डांबलं होतं. सगळ्यांनी आशा सोडली होती आणि तो परत आला. त्यानं ते सगळ्या गाडीला सांगितलं! एका म्हातारीनं माझ्या ओटीत भुईमुगाच्या शेंगा ओतल्या.

तुझ्या दाजींनी दुकानात ओळखी-अनोळखी सगळ्यांना पेढे वाटले. अंजू विचारते, मामा इतका वाळका का. तिला सांगितलं, तुझ्या आजीच्या, आमच्या अव्वाच्या हातची भाकरी दोन महिने पोटात गेली की मामा दारात मावणार न्हाई.

पण अव्वानं निरोप धाडलाय की तू रोज अंगणात झोपतोस, पाऊस आला तरी ओसरीच्या आत येत न्हाईस. असं का रे करून राहिलास? जे असेल ते मोकळं लिही. मी तुझी अक्का आहे, जेलर न्हाई.

जसा आहेस तसा आम्हाला हवा आहेस.
रुद्राणी


शिरूर अनंतपाळ
४ ऑगस्ट १९९१

ती. अक्कास पंचाक्षरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुला सांगायला लाजू कशाला? असमारात माझ्या वर्गात तेस्फाय नावाचा हुशार मुलगा होता. पोरांना रस्त्यातून धरून लढाईवर नेत, म्हणून तो पळून माझ्या खोलीत आला. मी त्याला ठेवून घेतलं. शिपाई आले तेव्हा तो मागच्या भिंतीवरून निसटला आणि मी सापडलो. चौकशी नाही, खटला नाही.

कोठडी एवढी लहान की रात्री सगळे एकाच कुशीवर झोपत आणि कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून. तरी आम्ही हसायचो, अक्का. एक म्हातारा ट्रकचालक गाणी शिकवायचा, मी त्यांना तरफ आणि कप्पी शिकवायचो. सरकार पडलं त्या दिवशी पहारेकरी पळाले, पण कुलपं तशीच होती. गावातल्या बायकांनी पहारी आणून ती फोडली. त्यांच्यासोबत तेस्फाय होता! त्यानं मला उचलून असं गरगर फिरवलं की मी ओरडलो, मेलो.

तेव्हापासून दार लागलं की छातीत धडधडतं, दुसरं काही नाही. अंगणात मला छान झोप येते. अव्वाला समजाव.

दाजींना नमस्कार, अंजूला मुका.
तुझा पंचाक्षरी


नांदेड
३० जून १९९२

चि. पंचाक्षरीस अक्काचे आशीर्वाद.

अव्वाकडून कळलं की लातूरच्या कॉलेजात पहिल्याच तासाला शिपायानं वर्गाचं दार ओढलं, आणि तू खडू ठेवून बाहेर आलास तो थेट शिरूरला. नोकरी गेली तर जाऊ दे. मात्र पोरांना शिकवल्याबिगर तू किती दिवस राहशील? तू तर लहानपणी म्हशीलाही पाढे म्हणून दाखवायचास. म्हैस पास झाली की न्हाई, ते शरणबसवेश्वराला ठाऊक.

खात जा, हसत जा, चिठ्ठी धाडत जा.
रुद्राणी


शिरूर अनंतपाळ
२४ ऑक्टोबर १९९३

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

आम्ही दोघं सुखरूप आहोत हे तुला तारेनं कळलंच. भूकंपात आपल्या माजघराची भिंत पडली. अव्वा त्या रात्री उकाड्यानं माझ्याजवळ अंगणात येऊन निजली होती, म्हणून वाचली. किल्लारीकडे जाऊन आलो. तिथलं लिहवत नाही.

आता अख्खं गाव उघड्यावर झोपतंय. लहान पोरं छपराखाली जायचं म्हटलं की किंचाळतात, मोठी माणसंही भितात, पण सांगत नाहीत. मी त्यांच्यात फिरून सांगितलं की मला दोन वर्षं असंच होतंय, यात लाजण्यासारखं काही नाही. नरसिंग पैलवानासारखा गडी माझा हात धरून रडला आणि मग आम्ही दोघं चहा प्यायलो.

लातूरला शिकवणीसाठी राहणारी बारावीची पोरं घाबरून गावी आलीत. परीक्षा तोंडावर. मी बैलगाडी उभी करून तिला फळा टेकवला आणि भूकंपाच्या लाटा कशा सरकतात तिथून सुरुवात केली. कशाची भीती वाटते ते कळलं तशी पोरं प्रश्न विचारायला लागली. अक्का, संध्याकाळ झाली तरी कुणी उठेना. मीही उठेना!

अव्वा पोरांसाठी शेंगदाण्याची चटणी कुटून दमली, पण खूश आहे.
आमची काळजी करू नका, माया करा.
पंचाक्षरी


नांदेड
१८ जून १९९४

चि. पंचाक्षरीस आशीर्वाद.

तुझी सगळी पोरं पास, दोन डॉक्टरकीला! दाजी गिऱ्हाईकाला साखरेऐवजी रवा देऊन बसले. आता लोक म्हणतायत तर लातूरला जा. क्लास काढ, हवं तर बिनभिंतीचा काढ. अव्वाला सोबत ने, तिला शहरातला बाजार बघायचाच हाय.

तुझ्या नावानं रोज दिवा लावते.
रुद्राणी


लातूर
३ डिसेंबर १९९५

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

तेलगिरणीमागच्या उघड्या शेडमध्ये पोरं मावेनात, म्हणून दिवाळीनंतर माडीवरचा हॉल आणि राहायला दोन खोल्या घेतल्या हे तुला माहीत आहे. मी उंबऱ्यात उभा राहून शिकवतो, यावरून पोरं मला चौकीदार म्हणतात, हेही तुला अव्वानं सांगितलं असेलच.

काल खालून लग्नाची वरात चालली होती. बँडमुळे मागच्यांना ऐकू येईना, म्हणून मी बोलत बोलत फळ्याजवळ गेलो. तूबा नावाची पोरगी पहिल्या बाकावर बसते, शिंपीगल्लीतली, लई धीट. तिनं उठून दार लावून घेतलं. मी फेकलेल्या चेंडूचा मार्ग काढत होतो. तो काढला, मग दुसरं उदाहरण घेतलं, मग तिसरं. तास संपला, निघायला कडीला हात घातला, तेव्हा कळलं की दार बंद होतं!

मी मोठ्यानं हसलो. पोरांना वाटलं सर बिघडले. मग सगळ्यांना खाली बसवून असमाराची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तूबा रडायला लागली की तिनं चूक केली. तिला म्हटलं, बेटा, तू लातूरची पहिली बाई, जिनं दार लावून माणूस सोडवला.

रात्री माडीवरच झोपलो, अव्वाच्या शेजारच्या खोलीत. झोप लागली.
तुझा पंचाक्षरी


नांदेड
८ डिसेंबर १९९५

चि. पंचाक्षरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं आणि हंबरडाच फोडला. गिऱ्हाइकांना वाटलं कुणी गेलं. दाजींनी पत्र घेऊन मोठ्यानं वाचलं, तर जहांगीरभाई अर्धापूरहून केळीची गाडी घेऊन आले होते, त्यांनी घडच्या घड उतरवले आणि म्हणाले, आज कुणी विकत घ्यायचं न्हाई, नुसतं खायचं. सगळी गल्ली केळी खाऊन राहिली हाय.

अव्वाचीही चिठ्ठी आली. म्हणते, पोरगा माणसासारखा घरात निजायला लागला, आता कुणाच्या दारात तोंड दाखवायला हरकत न्हाई. तिनं उदगीरची एक शिक्षिका बघून ठेवलीय, गणित शिकवते, म्हणजे भांडण बरोबरीचं होईल. पोरीनं कळवलंय की मुलगा ती स्वतः बघणार, तिचा बाप न्हाई.

रविवारी आम्ही सगळे येतोय. तिलाही घेऊन येतोय. दाढी करून बस.

रुद्राणीअक्का