कठड्यापाशी उभ्या बाईबद्दल तक्रार

३ मार्च, सकाळ
मुलीने पाठवलेला व्हीआर हेडसेट डोक्यावर चढवला. संकल्प: तळ्याकाठचं ते गाव आधी घरबसल्या तोंडपाठ करायचं, मगच प्रत्यक्ष जायचं. बायकोला तिथे जायची फार हौस होती. मी म्हणायचो, आधी अभ्यास. गेल्या वर्षी ती गेली. अभ्यास तेवढा राहिला. गावात फिरताना टीपॉयला दोनदा धडकलो. टीपॉय चुकीच्या जागी आहे.

७ मार्च
गल्ल्या पाठ. तळं मात्र नीट दिसत नाही. कठड्यापाशी एक बाई पाठमोरी उभी, नेमकी मधोमध. चित्रीकरणाच्या वेळी सापडली असावी. कंपनीकडे कडक शब्दांत तक्रार केली.

१२ मार्च
बाईने पर्स काखेत दाबून धरलीय. हीसुद्धा तशीच धरायची. बऱ्याच बायका धरतात. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. उद्यापासून तिकडे फिरकायचं नाही.

१३ मार्च
तिकडेच गेलो. बाईचा सगळा भार डाव्या पायावर. हिचा उजवा गुडघा दुखायचा. चेहरा बघावा, तर कठड्यापलीकडे जाताच येत नाही. मागूनच म्हणालो, अगं, मी आलोय. अंगावर काटा आला. पंखा फास्ट होता.

१९ मार्च
रोज जातो. अभ्यासासाठीच. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तिकिटं काढू का, खरंच जाऊन येऊ. म्हटलं, घाई नको. तुझी आई इथेच आहे, हे ओठावर आलं होतं, गिळलं.

२२ मार्च
उभं राहून दमत असेल. कंपनीला फोन करून तिच्यासाठी खुर्ची मागितली. कस्टमर केअरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, तुमची तक्रार मंजूर झालीय, पुढच्या अपडेटमध्ये त्या बाईंना काढतोय. तक्रार मागे घेतो म्हटलं, तर तशी सोयच नाही. गयावया केली. शेवटी ती मला सर सोडून आजोबा म्हणायला लागली. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. फार भीती वाटतेय.

२८ मार्च
आज अपडेट. हेडसेट काढलाच नाही, तर अपडेट होणारच कसं? बिनतोड युक्ती. तिच्या शेजारी उभा राहिलो.
बॅटरी संपली.

२९ मार्च
कठडा मोकळा. ती उभी होती तिथलं पाणीसुद्धा नव्याने भरलंय, जोड कुठे दिसत नाही. कंपनीचा मेसेज आला: सूचनेबद्दल आभार.
तळं आता अख्खं दिसतं. खरंच सुंदर आहे. हिला एकदा न्यायला हवं होतं.