झाडात दोन अंकुश

१९ डिसेंबर

रात्रभर डोळा लागला न्हाई. लेकाला, सोमूला काल गुलबर्ग्याला नेऊन रगत चढवून आणलं. गाल लाल झालेत, निवांत झोपला. जागी मीच! आन कामून? तर मोबाईलनं मला दोन नवरे दिले म्हून.

व्हय, दोन. दवाखान्यातल्या मॅडम म्हणल्या — घरातले समदे लिवून आणा. कोण कुणाचं, कुणाचं लगीन कुणासंगं, लहानपणी कोण गेलं. कागदावर जमंना तर मोबाईलवर वंशावळीचं ॲप येतंय, त्यात भरा. माज्या भावाची, धनराजची बायको मंजुश्री कॉलेज शिकल्याली, हैदराबादला असती. तिला फोन लावला. तिनं एक ॲप धाडलं. समदं इंग्रजीत. चित्रं बघून बघून भरलं. माय भरली. मायचा भाऊ भरला — अंकुश. मग माजा नवरा भरायला गेले — अंकुश. तर त्या ॲपनं दुसराच अंकुश उभा केला! एक मामा तिकडं, एक नवरा हिकडं. दोघाला एक करायला गेलं की लाल अक्षरं.

आमच्यात मामाला भाची देतेत. माजा मामा तोच माजा नवरा. आज्जी तीच सासू. त्या ॲपला हे पटंना.

एकच अंकुश झेपंना मला, दोन घिऊन काय करू!

हसले. मग हसू जिरलं. दोन अंकुश असले की झाड लई बेस दिसतंय. रुंद. दोन घरं असल्यावाणी. सोमूचं दुखणं कुठून आलं ते त्यात दिसतच न्हाई.

२१ डिसेंबर

थॅलेसेमिया. नाव नीट लिवायला आलं आता. सोमूच्या आंगात रगत धड बनत न्हाई. दर तीन आठवड्याला दुसऱ्याचं चढवायचं. मॅडमनं हाताच्या दोन मुठी करून दाखवलं — 'खोट आईकडून बी आली, बापाकडून बी आली, तवा लेकरू आजारी. एकाकडूनच आली तर लेकरू धडधाकट, फकत खोट पुढं वाहून नेतंय.' माजा रिपोर्ट तसा. ह्यांचा बी तसाच. ह्यांनी तेंचा कागद घडी करून खिशात घातला. 'मला काय झालंय? तुरीची दोन पोती उचलतो मी!'

आन आज्जी दारात बसून अख्ख्या मादन हिप्परगा गावाला ऐकू जाईल असं म्हणायली, 'हिच्या बापाच्या रगतात खोट. आमच्या घरात असलं कधी न्हवतं.'

बाप मेलाय. उलटून बोलायला येत न्हाई, म्हून घाला त्याच्यावर!

मी झाड करणार. एकच अंकुश असल्यालं झाड करणार.

२२ डिसेंबर

खरं भ्याव कशाचं ते काल लिवलं न्हाई. हात आखडला.

संक्रांत झाली की पिंकीची सुपारी फोडणार हायत. पिंकी माजी धाकटी बहीण. नवरदेव बालाजी — माजा दीर, म्हंजी आमचा धाकटा मामा. जे माजं झालं तेच पुन्ना. तिच्या बी मांडीवर असलंच पिवळं लेकरू आलं तर?

सुई टोचली की सोमू रडत न्हाई आता. नुसता माज्याकडं बघतो. रडला असता तर बरं वाटलं असतं.

२४ डिसेंबर

मंजुश्रीनं दुसरं ॲप धाडलं. ह्यात मराठी चालतंय, झाडाला पानं, फुलं, पाखरू सुदिक हाय. समद्यांची नावं भरली आन ते म्हणायलं — तुमचे नातेवाईक सापडले! कोण तर अमेरिकेतला एक टोपीवाला म्हातारा. माज्या सोमूचं नाव त्याला दिसायलं असंल तर? घाबरून समदं पुसलं.

मंजुश्री फोनवर हसू हसू बेजार. 'अक्का, तो म्हातारा सोयरा निघाला तर येळवसाला बोलवा की!'

बरी हाय पोरगी. आज्जीच्या थोरल्या लेकाची पोरगी ती, आमच्याच घरात वाढल्याली. माज्याशी नीट बोलणारी एकटीच.

३० डिसेंबर

येळवस, रानातल्या पूजेची अमावस्या. समदे रानात. बायांनी डोक्यावरून बिंदग्यात आंबील आणली, उंडे, भज्जी. सोयरे आलेले. मी म्हणलं, असा मोका पुन्ना येत न्हाई. जेवताना एकेकाला इचारायले — तुमचं लगीन कुणासंगं, नातं काय, लेकरं किती, गेल्याली किती.

चुलत सासरा म्हणला, 'जनगणनेत नोकरी लागली काय गं पारू तुला?'

समदे हसले. मी बी हसले, पण इचारलं. मग आज्जीला इचारलं — आज्जी, तुजी लहानपणी गेल्याली लेकरं किती? आज्जीनं हातातला उंडा तसाच खाली ठिवला.

'सणाला मेल्याल्यांची मोजणी करतेत व्हय? तुला लाज हाय का?'

हे म्हणले, 'गप बस.' मी म्हणलं, 'मामा, तुमी गप बसा.' समद्यांसमोर! रागात तोंडून मामाच निघतंय अजून. लहानपणी सायकलवर बसवून जत्रेला नेणारा मामा. त्याला 'अवं' म्हणताना अजून बी जीभ अडखळती.



३ जानेवारी

घावलं!

तिसरं ॲप. दिसायला भिकार. पान न्हाई, फूल न्हाई, नुसते चौकोन आन रेघा. पैसे मागत न्हाई, ईमेल मागत न्हाई, समदं आपल्याच मोबाईलात ऱ्हातंय. नवरा जोडायला गेले तर त्यानं इचारलं — नवा माणूस, का झाडातलाच? झाडातलाच! अंकुशवर बोट ठिवलं. त्यानं मुकाट मायच्या भावापासून माज्यापर्यंत दोन रेघा वढल्या. मॅडमनं कागदावर वढल्या होत्या तशाच. घरातल्या घरात लगीन झालं की दोन रेघा, म्हणल्या होत्या.

नावाखाली दुखणं लिवायला जागा हाय. सोमूच्या खाली लिवलं. सोमूपासून बोट वर नेलं — माज्यातून माय, मायतून आज्जी. पुन्ना खालनं — अंकुशमधून आज्जी. दोन्हीकडून आज्जीच!

बाप बाजूला उभा. एकटा. त्याच्याकडं बोट जाईना सुदिक. माज्या बापाला शिव्या देत होती न्हवं?

आज्जीला दाखवून काय उपेग, तिला वाचता येत न्हाई. आन खरं सांगू? दाखवायला जीव झाला न्हाई.

५ जानेवारी

आज आज्जी सुपात तुरी निवडत बसली होती. मी सोमूला भरवायले. मान वर न करता म्हणली —

'तिप्पण्णा.'

'कोण गं?'

'समद्यात थोरला. तुज्या मायच्या आधीचा. पिवळा पडला. पोट फुगलं. लोकं म्हणले नजर लागली. तिसरं वरीस सरलं न्हवतं.' आन सुपातला खडा काढत, 'एक पोरगी. नाव ठिवायच्या आधीच.'

आजा बी आज्जीचा मामाच होता. ते मला ठाव होतं. पण असं मांडून कधी बघितलं न्हवतं.

रातच्याला भरलं. तिप्पण्णा. पोरीला नाव न्हाई, आन नावाशिवाय ॲप पुढं जाईना. 'आज्जीची लेक' असं लिवलं. घेतलं त्यानं.

आज्जीला सांगितलं न्हाई. तिनं बी इचारलं न्हाई. पण दारात बसून माज्या बापाचं नाव घेणं बंद झालंय.

९ जानेवारी

काल पुन्ना रगत. मॅडमनं झाड बघितलं.  'हे तुमी केलं?' म्हणल्या. व्हय म्हणलं. 'तुमच्या बहिणीचं आन त्या पोराचं रगत लगनाच्या आधी तपासा. दोघंबी वाहक निघाले तर दर खेपेला भीती. एकच निघाला तर खुशाल लगीन करा.'

घरी येऊन धनराजला फोन केला. बाप गेल्यापासून तोच कर्ता, सुपारी त्यानंच ठरवली.

'अण्णा, नुसती सुई टोचायची हाय. लगीन मोडा म्हणत न्हाई मी.'

'लोकं काय म्हणतील? नवरदेवाला लगनाआधी दवाखाना दाखवला? पारू, तुज्या लेकराचं वाईट झालं. म्हून समद्यांचं वाईट व्हावं असं वाटतंय व्हय तुला?'

माजा सख्खा भाऊ. असं म्हणला.

मी फोन ठिवला न्हाई. त्यानंच ठिवला.

१२ जानेवारी

टाकलं!

झाडाचा फोटो काढला आन पाव्हण्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिवलं — ह्या झाडातल्या समद्यांनी रगत तपासून घ्या. पारूबाई अंकुश.

आधी कुणी अंगठा दाखवला. मग कुणी तरी अंगठा काढला. मग धनराज — 'हे काढ.' मग हे बाहेरून आले, चपल सुदिक काढली न्हाई. 'घरची अब्रू मोबाईलवर टांगलीस?'

मी म्हणलं, 'तिथं खोटं काय हाय ते दाखवा. एक चौकोन खोटा दाखवा. पुसते.'

 मोबाईल घेतला. बराच खालीवर केला. तिप्पण्णावर थांबले. 'हा कोण?'

'तुमचा समद्यात थोरला भाऊ.'

तेंना ठावच न्हवतं.

मोबाईल दिला माघारी. ग्रुपवरनं फोटो काढ म्हणले न्हाईत.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ वाटला. घेतला समद्यांनी. गोड कुणीच बोललं न्हाई.

१७ जानेवारी



सुपारी. मंडपात चादर हातरल्याली, मधी ताट, पानसुपारी, कुंकू. पाव्हणे बसलेले. धनराज नवा शर्ट घालून. पिंकी आत हिरव्या साडीत. सुपारी फोडायला हात पुढं आला तवा मी सोमूला काखेत घिऊन मधी जाऊन उभी ऱ्हायले.  म्हणलं —

'फोडा सुपारी. पर आधी दोघांची सुई.'

चुलत सासरा म्हणला, 'हिला कुणी तरी आत न्या रे.'

धनराज उठला. 'पारू, चल भाईर.'

'न्हाई जात. मला हाताला धरून न्यावं लागंल. धर!' सोमूला पुढं केलं. 'आधी ह्याला धर. ह्याच्या हातावर जागा बघ कुठं शिल्लक हाय का टोचायला.'

त्यानं धरलं न्हाई.

तवर आतून पिंकी आली. डोईवरचा पदर माघारी सारल्याला. आठ दिवस माज्याशी बोलली न्हवती — 'तुला माजं लगीन बघवंना' म्हणली होती. आता म्हणली, 'मी देते रगत. मला मामाशीच लगीन करायचंय. पर ताईसारखं रोज मरायचं न्हाई.'

बालाजी मान खाली घालून बसल्याला. वर बघून म्हणला, 'वैनी, मला सुई बघून चक्कर येती.'

हसले लोकं. मग तोच म्हणला, 'पडलो तर धरा म्हंजी झालं. जाऊ उद्या.'

आज्जीनं ताटावर पदर झाकला. 'ऱ्हाऊ द्या सुपारी. आठ दिवसानं काय सडत न्हाई ती.' आज्जीनं! मग कुणाची टाप हाय बोलायची?

धनराज जेवला न्हाई. गाडीत बसताना म्हणला, 'आजपासून तुमी दोघी मला मेल्या.'

१८ जानेवारी

धनराजनं आमचे नंबर ब्लॉक केले. माजा, ह्यांचा, पिंकीचा, मायचा सुदिक. ग्रुप सोडला. मंजुश्रीला लावला तर त्यानंच उचलला, आवाज ऐकला आन ठिवला.

रडले. झाड मातर पुसलं न्हाई.

२४ जानेवारी

रिपोर्ट आले. पिंकी वाहक. बालाजी न्हाई!

मॅडम हसल्या, 'करा लगीन.' बालाजीनं दवाखान्यात सगळ्यांना चहा पाजला. सुई बघून खरंच पडला होता.

गावात म्हणायलेत — एवढा तमाशा केला आन निघालं काय, काहीच न्हाई! म्हणू द्या. काहीच न्हाई निघालं, हेच मला पायजे होतं. पुन्ना बी करीन तमाशा. कुणाच्या बी सुपारीत करीन.

आता सोमूची रातची वाटी रिकामी व्हायली. डाळ-भात खायलाय.

२९ जानेवारी

गुलबर्गा, दवाखाना. सोमूला रगत चालू हाय.

आत्ता मायचा फोन आला. मंजुश्रीनं शेजारणीच्या मोबाईलवरून तिला कळवलंय, चोरून — तिला तिसरा महिना हाय. धनराज 'कुणाला सांगू नको' म्हणलाय. माय म्हणायली, आता पोटुशीला भिववू नकोस.

झाड उघडलं. धनराजपासून मंजुश्रीला जोडलं. दोन रेघा आल्या. दोघंबी आज्जीचीच नातवंडं!

मॅडम म्हणायल्यात — दोघांचं रगत ह्याच आठवड्यात तपासायला पायजे. लई उशीर झाला तर पुढची, पोटातल्या लेकराची तपासणी अवघड.

आमच्या कुणाचाच फोन तो उचलंना. मंजुश्रीचा मोबाईल त्याच्यापाशी, शेजारणीचा लागंना. हैदराबादला जायला सोमूच्या हाताची सुई निघाली पायजे. निघाली की जाईन. तवर ही वही हितं खाटावर उघडी ठिवायले. दीड म्हैना झाकून ठिवल्याली वही.

वाचणारा कोण बी असो, बाई, बाबा, परका असला तर लईच चांगलं — माज्या भावाला तुमच्या नंबरावरून फोन लावा. नंबर पुठ्ठ्यावर हाय. माजं नाव पयलं घिऊ नका, ठिवून देईल. पयलं मंजुश्रीचं नाव घ्या.