सातव्यावर थांबायचं नाही

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची. घर झकास आहे. चार खोल्या, भरपूर उजेड, नळाला दिवसभर पाणी. पुढच्या खोलीत म्हशीएवढा काळा पियानो. पलीकडच्या खोलीत बाईंचा पलंग, मधे एकच भिंत. बाई म्हणजे पियानो शिकवणाऱ्या बाई. चाळीस वर्षं शिकवला, म्हणे. आता उजवी बाजू लुळी पडलीय, पण जीभ शाबूत आहे. आल्या आल्या मला सुनावलं की चपला वाजवत चालू नकोस, चालतेस की कुदळ मारतेस. मीही म्हटलं, वाजल्या म्हणजे तुम्हाला कळेल तरी मी कुठं आहे. हसल्या. जमेल आमचं.

काम वन्संनी मिळवून दिलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, दवाखान्यात आया आहे. तिनं बाईंना सांगितलं की हिनं माझ्या आईचं साडेतीन वर्षं अंथरुणात केलं, कधी कपाळाला आठी नाही. आठी होती, पण पाठमोरी असताना.

ही वही बाईंनीच दिली. त्यांच्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकानं रोज काय केलं ते लिहायचंच. मी म्हटलं, मी चौथी नापास, आणि मी कुठं शिकायला आलेय? तर म्हणाल्या, उद्यापासून शिकणार आहेस. या घरात तो पियानो मुका राहिलेला मला सोसत नाही.

मंगळवार, ५ तारीख

भांडी आवरली आणि बसले त्या धुडापुढं. बाई चाकाच्या खुर्चीत शेजारी. मला वाटलं काहीतरी छान, लग्नातल्यासारखं शिकवतील. तर म्हणाल्या मायनर स्केल. मी विचारलं ते काय. म्हणाल्या, उदास सूर. सगळे मेजरपासून सुरू करतात, तुझ्या हाताला हसरं यायचं नाही. तोंडावर बोलतात बाई. मला आवडतं तसं.

आठ पट्ट्या, सगळ्या पांढऱ्या. अंगठा, दुसरं बोट, तिसरं, मग अंगठा हळूच तिसऱ्याखालून पलीकडे न्यायचा आणि पुढची पाच बोटं ओळीनं. त्या अंगठ्यानं जीव खाल्ला. एवढ्या वेळात माझा ओटा दोनदा पुसून झाला असता. बाई म्हणाल्या, घाई तुझा शत्रू आहे. म्हटलं, जुनी ओळख आहे.

शुक्रवार, ८ तारीख

आज पुढचा धडा. सातवा सूर पांढऱ्यावरून उचलून शेजारच्या काळ्या पट्टीवर न्यायचा. सहाव्यावरून तिथं जाताना लांब ढांग टाकावी लागते, बोट ताणतं. मी विचारलं, चांगलं चाललेलं असताना हा उपद्व्याप कशाला? बाई म्हणाल्या, म्हणजे तो हाक मारायला लागतो. सातवा हाक मारतो, आठवा ओ देतो. सातव्यावर कधी थांबायचं नाही, अगदी जेवण जळत असलं तरी.

मुद्दाम थांबून बघितलं. खरंच, छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं.

तीनच्या सुमारास स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते, तर पुढं कोणी तरी स्केल वाजवली. सावकाश. सातव्यावर येऊन थांबली. वाटलं, बाईंनी खुर्ची पियानोपाशी नेली. जाऊन बघते तर बाई पलंगावर घोरतायत आणि पियानोपुढं कोणी नाही. मांजर असेल. करंगळीनं आठवी दाबून परत आले. ते अर्धवट काही सोसेना.

सोमवार, ११ तारीख

मांजर या घरात नाही, बाईंना विचारलं.

रोज तीनला होतंय. आज मी आठवी दाबली, चांगली जोरात, तरी सातवी पुन्हा वाजली. पुन्हा दाबली, पुन्हा वाजली. पट्टी खाली जाताना डोळ्यांनी बघितली. वर बोट नव्हतं.

मी भित्री नाही. नवरा गेला तेव्हा एकटीनं सगळं निभावलं, त्याची आई माझ्याच गळ्यात पडली तीही निभावली. झाकण लावून वर कुंडी ठेवली.

बुधवार, १३ तारीख

बाई रागावल्या. दुपारी तू सारखी सातव्यावर थांबतेस, माझी झोपमोड होते, म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही ऐकू येतं. मी म्हटलं चुकलं बाई, उद्या नाही थांबणार. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. पूर्वीपासूनच.

कुंडी खाली जमिनीवर होती, धड. माती सांडली नव्हती. झाकण उघडं. काळ्या पट्टीवर बोट ठेवलं तर ती गरम. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

ते कपाळ मला माहीत आहे.

लिहिते. दुसरं कोणाला सांगू. सासूबाईंना तहान लागली की त्या चमच्यानं पेल्यावर वाजवायच्या. त्या दिवशी सकाळपासून अकरा वेळा वाजवलं. एकदा उशी, एकदा खिडकी, एकदा नुसतंच, मी आहे का बघायला. बाराव्यांदा मी चमचा हातातून काढून घेतला. म्हटलं, आता मेलात तरी यायची नाही. दार ओढून बाहेरच्या खोलीत आडवी झाले. दुपारचे तीन.

मग त्या बोटांनी पलंगाच्या दांड्यावर वाजवत होत्या.

तासाभरानं आत गेले. ओठ कोरडे ठाक.

सगळ्यांना सांगितलं झोपेत गेल्या.

शनिवार, १६ तारीख

बाईंना अर्धं सांगितलं. म्हटलं एका म्हाताऱ्या बाईची हाक मी ऐकूनही गेले नाही, ती आता इथं वाजवते. हसतील वाटलं. हसल्या नाहीत. माझ्या मांडीवर ठेवलेला डावा हात काढून घेतला त्यांनी. म्हणाल्या, तिला ओ देऊन आता काय उपयोग, तिचं जे माणूस मागे आहे त्याला सांग.

म्हणजे वन्संना.

वन्सं उद्या येणार आहेत. सांगीन. एकदा बोलले की झालं. शिव्या देतील, माझं तोंड बघणार नाहीत. चालेल. मी ठरवलंय.

आज तीनला तीनदाच वाजलं. ऐकत असल्यासारखं.

रविवार, १७ तारीख

वन्सं आल्या. माझ्यासाठी शाल विणून आणली. बाईंसमोर माझ्या गळ्यात पडून रडल्या. म्हणाल्या, आई सुखानं गेली ती हिच्यामुळं, मी पोटची असून केलं नसतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. टक लावून.

मी म्हटलं, वन्सं, चहा टाकू?

एवढंच म्हटलं. मेल्या तोंडातून एवढंच निघालं. त्या गेल्या. शाल पियानोवरच राहिली. बाई माझ्याशी बोलत नाहीत.

तीन वाजून गेले. आज काहीच वाजलं नाही. काहीच नाही —

सोमवार, १८ तारीख

डाव्या हातानं लिहितेय. वही समोर पियानोवर आहे, पेन्सिल होतीच.

उजवा हात पट्ट्यांवर. तीनला मीच येऊन बसले. मला यायचं नव्हतं. एक ते सात नीट वाजलं. सातव्यावर बोट चिकटलं. निघत नाही. ओढलं, नख उपटलं, रक्त — तरी नाही. करंगळी आठवीपर्यंत पोचत नाही. बोटभर अंतर आणि पोचत नाही —

बाई हाक मारतायत. अगं ए. घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज. पाणी म्हणाल्या बहुतेक. मधे एकच भिंत.

येते म्हणून ओरडतेय. तोंड उघडतंय, आवाज नाही. पाय उचलत नाहीत. सासूबाई, बाईंचा काय दोष, मला घ्या, त्यांना —

पुन्हा हाक. बारीक.

आता भिंतीवर वाजवतायत. बोटांनी. पट्टी गरम होतेय —

समजलं. लिहिते. वन्सं, तुमची आई झोपेत गेली नाही. पाणी मागत गेली. चमचा मी काढून घेतला. मी भिंतीपलीकडे जागी होते, सगळं ऐकत होते, आणि वाटत होतं की बरं झालं, थांबेल आता. हे मी केलं. मी

सुटलं. बोट सुटलं. करंगळी आठवीवर पडली, वाजली. येते बाई, आले —

भिंतीवर आता कोणी वाजवत ना